बावीस शून्य सातचा मालक

बदलीचा हुकूम हाती आला तेव्हा एक्स्चेंजबाईंनी तो आधी उभ्याउभ्याच वाचला, मग बसून वाचला. दुसऱ्या वाचनात शेवटचं वाक्य डोळ्यांत भरलं: 'नवीन दूरध्वनी यंत्रणेचे काम संपूर्ण होताच त्यांना कार्यमुक्त करण्यात यावे.'

त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि तेच वाक्य वाचून दाखवलं.

"संपूर्ण म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे जुन्या एक्स्चेंजवर एकही लाइन उरता कामा नये."

"आणि आहेत किती?"

"एकोणीसशे छत्तीस."

तो म्हणाला, "बरं. नऊ वर्षं गेली, आता काही महिन्यांसाठी कशाला कुरकुरायचं."

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या कचेरीने त्याला त्याच्या गावी पाठवलं होतं. तो नकाशे काढायच्या खात्यात होता. गावी त्याची आई एकटी होती, म्हणून त्याला ते बरंच वाटलं. बाई ज्या विद्यापीठात नोकरीला होत्या, त्याचं एक उपकेंद्र त्या गावात होतं. बाईंनी तिथे बदली मागितली. ती दोनदा मंजूर झाली आणि दोनदा थांबवली गेली, कारण मुख्य इमारतीच्या तळघरातलं ते एक्स्चेंज बाईंशिवाय कुणाला कळत नव्हतं. भिंतभर लोखंडी फ्रेम, तिच्यावर हजारो तारांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीखाली बाईंच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. त्यांना खरं नाव होतं, पण पगारपत्रकाबाहेर ते कुणी घेत नसे. कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना एक्स्चेंजबाईच म्हणत. सुरुवातीला त्यांना याचा अभिमान वाटायचा. हल्ली मात्र 'तुमच्याशिवाय आमचं कसं व्हायचं हो' असं कुणी म्हटलं की कुणीतरी दाराला बाहेरून कडी लावल्यासारखं वाटायचं.

नव्या यंत्रणेत फोन संगणकाच्या जाळ्यावरून चालणार होते. ठेकेदार कंपनीने त्यासाठी एक इंजिनियर पाठवली होती. तिशीची, सडसडीत, रोज संध्याकाळी फळ्यावर झालेल्या कामाचे टक्के लिहिणारी. तिला सगळे टक्केवाली म्हणू लागले. "कामाचे टक्के हो, ते दुसरे नव्हेत," असं हसून सांगायचीही पद्धत पडली. ती स्वतःही हसायची. सात महिन्यांत तिने आणि बाईंनी मिळून इमारतीमागून इमारत उरकली. प्रत्येक फोनला तीन गोष्टी लागत: खोलीचा क्रमांक, जाळ्याची जोडणी, आणि 'मालक' या रकान्यात त्या फोनची जबाबदारी घेणाऱ्या कर्मचाऱ्याची सही. तीनपैकी एक जरी नसली तरी यंत्रणा फोन घेतच नसे.

नव्व्याण्णव टक्के झाले. मग नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. आणि एका सोमवारी फळ्यावर टक्क्यांऐवजी एकच आकडा लिहिलेला दिसला: २२०७.

"ही कुठली लाइन?" टक्केवालीने विचारलं. "रजिस्टरमध्ये 'नादुरुस्त, राखीव' लिहिलंय. पण हिच्यात करंट आहे. मागच्या मंगळवारी इथून आरोग्य केंद्राला फोन गेलाय."

"बघायला पाहिजे," बाई म्हणाल्या. त्यांनी रजिस्टर मिटून आपल्या बाजूला ओढलं.

"कापून टाकू का? ज्याची असेल तो ओरडत येईल."

तसं करायची सोय राहिली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी अशीच एक बेवारस लाइन कापली होती. ती निघाली जीवशास्त्र विभागाच्या शीतगृहाच्या धोक्याच्या घंटेची. शनिवारी शीतगृह बंद पडलं, घंटा वाजली नाही, आणि एका प्राध्यापकांच्या अकरा वर्षांच्या कामाचा सोमवारपर्यंत लगदा झाला. ते प्राध्यापक उपकुलसचिवांच्या दालनात येऊन लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून साहेबांचा लेखी आदेश होता: दुसरं टोक सापडल्याशिवाय आणि मालकाची सही मिळाल्याशिवाय एकही तार कापायची नाही.

टोक कुठे आहे हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ती तार त्यांनी स्वतः ओढली होती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आवाराच्या अगदी टोकाला, टेकडीच्या पोटात पाण्याचा मोठा साठा होता आणि त्याला लागून पंपघर. पंप चालवणारा माणूस पंपघरामागच्या सामानाच्या खोलीत बायकोसह राहत असे. नियमाने तिथे कुणी राहायचं नव्हतं. पण पहाटे साडेचारला पंप सुरू करायचा आणि रात्री टाकी भरल्यावर बंद करायचा, तर माणसाने राहायचं कुठे, हे नियमात लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी तिकडे कानाडोळा केला होता. त्याच्या बायकोला दमा होता. टेकडीच्या आडोशाला मोबाइल लागत नसे. एकदा तिला झटका आला तेव्हा तो आरोग्य केंद्रापर्यंत पळत गेला आणि गाडी घेऊन परतला, तोवर ती उंबऱ्यात निळी पडली होती. वाचली ती नशिबाने.

दुसऱ्या दिवशी तो एक्स्चेंजमध्ये आला. त्याने काही मागितलं नाही. नुसतं विचारलं, "ताई, फोन मिळायला अर्ज कुणाकडे करतात?"

अर्ज केला असता तर आधी 'तुम्ही तिथे राहता का?' असा प्रश्न आला असता. बाईंनी अर्ज करू दिला नाही. जुन्या हवामान केंद्राकडे जाणारी एक जोडी वर्षानुवर्षं पडून होती. दोन रविवार खर्चून त्यांनी ती पंपघरापर्यंत नेली, कपाटातला एक जुना फोन जोडला, आणि रजिस्टरात लिहिलं 'नादुरुस्त, राखीव'. खोटं त्यांनी तेवढं एकच लिहिलं होतं.

आता तेच खोटं त्यांच्या पायात अडकलं होतं. लाइन उघड केली तर पंपवाल्याचं घर जाणार. गुपचूप कापली तर त्याची बायको. आणि दोन्ही नाही केलं तर काम 'संपूर्ण' होणार नाही आणि बाई तळघरातून बाहेर पडणार नाहीत.

बुधवारी नवऱ्याचा फोन आला. "झालं का?"

"एक लाइन राहिलीय."

"एक?" तो हसला. "मागच्या आठवड्यात चार होत्या, त्याच्या आधी अकरा. आईने तुझ्यासाठी कपाट रिकामं करून ठेवलंय. दोनदा पुसलं. रोज विचारते."

"त्या लाइनचं जरा अवघड आहे हो."

"काय अवघड आहे? सगळ्या विद्यापीठाच्या तारा तुला तोंडपाठ आहेत आणि एक लाइन सापडत नाही?" मग आवाज खाली आला. "खरं सांग. तुला यायचंय ना?"

"म्हणजे काय विचारणं झालं हे!" बाई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्या उगीचच फ्रेमवरच्या चिठ्ठ्या सारख्या करत राहिल्या. खोलीतले पंखे घरघरत होते. नऊ वर्षं त्यांनी एकटीने सकाळचा चहा घेतला होता, एकटीने पुस्तक वाचत जेवण केलं होतं. तिकडे सासूबाई होत्या, त्यांची औषधं, त्यांचे सकाळचे साडेपाच, पुसलेलं कपाट. यायचं होतं. यायचं होतंच. पण नवऱ्याने विचारलं त्या क्षणी 'हो' पटकन तोंडातून का निघालं नाही, हे त्यांना कळेना. बावीस शून्य सातच्या आड मीच तर लपून बसले नाहीये ना, असंही एकदा मनात येऊन गेलं. तो विचार त्यांना मुळीच आवडला नाही.

दुपारी त्या चालत पंपघराकडे गेल्या. पंपवाला वॉल्व्हला ग्रीस लावत होता. त्याची बायको दारात खुर्चीवर बसून मटार सोलत होती. आत तिची शिलाईची मशीन, खाट, आणि भिंतीला खिळ्यावर तो काळा फोन.

बाईंनी सगळं सांगितलं. पंपवाल्याने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "ताई, कापून टाका. तुम्ही आमच्यापायी किती दिवस अडकून पडणार?"

"आणि वहिनींचं काय?"

"बघू काहीतरी."

"काय बघणार?" त्याची बायको शांतपणे म्हणाली. तिने शेंगेतले दाणे भांड्यात टाकले. "ताई, कापायचा तर कापा. माझी काही तक्रार नाही. फक्त कोणत्या दिवशी ते आधी सांगा. नाहीतर मी उगीच उचलेन, आणि त्यात काहीच वाजणार नाही."

बाई चहा न घेताच निघाल्या. ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना रस्ताभर वाटत राहिलं.

गुरुवारी सकाळी टक्केवाली एक यंत्र घेऊन हजर झाली. त्याचा एक भाग फ्रेमवर २२०७ ला जोडायचा. मग तारेतून एक आवाज वाहत जातो, आणि दुसरा भाग हातात धरून चालत गेलं की तार जिथे जिथे असेल तिथे तो टीं टीं करतो. "आज दुसरं टोक काढतेच," ती म्हणाली. "तुम्ही चला ना, तुम्हाला रस्ते माहीत आहेत."

बाईंना जावं लागलं. मुख्य इमारत, वाचनालय, क्रीडांगणाची कडा. यंत्र टीं टीं करत पुढे आणि बाई मागे. चोराने पोलिसाला वाट दाखवत न्यावं तसं त्यांना वाटत होतं. जुन्या हवामान केंद्रापाशी जमिनीतल्या झाकणाजवळ आवाज मोठा झाला. टक्केवालीने झाकण उचललं. आत गुडघाभर गढूळ पाणी आणि त्यात बुडालेला तारांचा जोड.

"इथून दोन फाटे आहेत," ती वाकून म्हणाली. "एक केंद्रात जातोय. दुसरा नवीन दिसतोय." तिने त्या जोडावर गुंडाळलेली पट्टी बोटाने चाचपली. पट्टीचं टोक आत दुमडून वर दोन वेढे दिलेले होते. ती हळूच सरळ झाली. सात महिने ती बाईंच्या शेजारी बसून काम करत होती. पट्टी अशी दुमडणारं माणूस तिने एकच पाहिलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्हाला माहितीये ना ही कुठे जाते?"

बाईंनी टेकडीकडे पाहिलं. मग तिथेच झाकणाच्या काठावर बसल्या आणि पहिल्यापासून सांगितलं. सांगताना त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

टक्केवालीने यंत्र बंद केलं. "जोडायला तसं अवघड नाही. टाकीची पातळी मोजायला आमचं जाळं पंपघरापर्यंत गेलंच आहे. एक छोटा डबा लावला की जुना फोनही चालेल. खोलीचा क्रमांक पंपघराचा टाकू, ते अधिकृतच आहे. पण मालक हवा. पंपवाला कंत्राटी आहे, त्याची सही चालत नाही. आणि मला साहेबांच्या मंजुरीशिवाय काही करता येत नाही, माझी नोकरी आहे."

"मी बोलते साहेबांशी," बाई म्हणाल्या.

उपकुलसचिव कागद वाचत होते. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"बाई, मी हे ऐकलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही दोन ओळी लिहून द्या: लाइन तपासली, दुसऱ्या टोकाला काही नाही. मी सही करतो, ती कापली जाईल. उद्या तुम्ही मोकळ्या. परवा तुमच्या घरी."

"आणि ती बाई?"

"ती बाई तिथे राहतच नाही. नियमाप्रमाणे तिथे कुणीच राहत नाही."

सुटकेचं दार समोर उघडं होतं. दोन ओळी. नऊ वर्षांत इतकं सोपं कुणी काही मागितलं नव्हतं. साहेबांनी पेनही पुढे सरकवलं.

त्यांनी पेन घेतलं आणि कोरा कागद ओढला. त्यांनी लिहिलं की आपण सहा वर्षांपूर्वी आपल्या जबाबदारीवर, परवानगीशिवाय, पाणीसाठ्यापाशी तातडीच्या वापरासाठी एक लाइन जोडली. कोण राहतं ते लिहिलं नाही. खाली लिहिलं, 'मालक: मी.' आणि सही केली.

साहेबांनी कागद वाचला. "याची नोंद तुमच्या सेवापुस्तकात जाईल. उपकेंद्रात पर्यवेक्षक म्हणून जात होतात, ते पद राहायचं नाही."

"चालेल."

"आणि दुसरं. यंत्रणेत मालकाची बदली झाली की त्याच्या नावचा फोन आपोआप बंद होतो. तुमच्या लक्षात आलंय ना? तुम्ही इथून गेलात त्या दिवशी लाइन बंद."

बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनीच ती सोय मागितली होती, बेवारस फोन राहू नयेत म्हणून. त्या उठल्या, पुन्हा बसल्या. स्वतःच स्वतःला कात्रीत धरलं होतं.

"सोमवारपर्यंत दुसरा मालक आणा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज आता तितका कोरडा नव्हता. "नाहीतर बदलीचा हुकूम मला परत पाठवावा लागेल, कारण तातडीची म्हणून लिहून दिलेली लाइन मला बंद पडू देता येणार नाही. मीही वर उत्तर द्यायला बांधलेला आहे हो."

शुक्रवारी बाई कागद घेऊन आवारभर फिरल्या. पाणीपुरवठ्याचे अभियंते म्हणाले, टाकी माझी, पण फोन माझा नाही. बागेचे पर्यवेक्षक म्हणाले, निवृत्तीला चार महिने राहिलेत, आता कशाला झेंगट. सुरक्षाप्रमुखांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं की तिथे फोन लागतो म्हणजे तिथे माणूस असतो का? बाईंनी कागद काढून घेतला. ज्यांच्या फोनसाठी त्या सुट्टीच्या दिवशी शिडीवर चढल्या होत्या, ती सगळी माणसं आज अदबीने उभी राहत होती, चहा विचारत होती, आणि सही देत नव्हती. दुपारी तीनच्या सुमाराला त्या वाचनालयाच्या पायरीवर बसल्या. आता नवऱ्याला काय सांगायचं, ते मनात जुळवू लागल्या. 'या वर्षी नाही जमत' हे वाक्य त्यांना इतकं सवयीचं झालं होतं की ते आपोआप जुळलं.

आरोग्य केंद्रात त्या गेल्या ते डोकं दुखत होतं म्हणून. मोठ्या सिस्टरनी गोळी दिली, पाणी दिलं, आणि बाईंच्या हातातला कागद पाहिला. "हे काय?"

"एक लाइन आहे. बावीस शून्य सात. तुम्हाला नंबर ठाऊक नसेल—"

"नसेल कसा?" सिस्टर म्हणाल्या. "सहा वर्षं उचलतेय मी तो फोन. ती बोलत नाही, तिला बोलताच येत नाही त्या वेळी. नुसता श्वास ऐकू येतो. श्वासावरून मला कळतं गाडी पाठवायची की आधी पंप घ्यायला सांगायचं. पंप म्हणजे दम्याचा हो, तुमचा पाण्याचा नव्हे." त्यांनी कागद उलटा फिरवला. "याचं काय करायचंय?"

"मालक हवाय. सही करणारा. मी गेले की लाइन बंद होते."

"आणि मग मला ती कुठून कळवणार?" सिस्टरनी टेबलावरचं पेन उचललं. "कुठे करायची? इथे? 'आरोग्य केंद्र, तातडीचा फोन, पाणीसाठा' असं लिहा वर. अहो, आधी माझ्याकडे का नाही आलात?"

सहा वर्षं बाईंना वाटत होतं की ही गोष्ट आपल्या एकटीची आहे.

"पण एक सांगते," सिस्टर सही करत म्हणाल्या, "त्या दोघांना त्या खोलीत ठेवून चालायचं नाही. भिंतींना ओल आहे, तिच्या छातीला ते वाईट. मी साहेबांच्या मागे लागणार आहे. त्याचा त्रास होईल पंपवाल्याला, होऊ दे."

सोमवारी टक्केवालीने पंपघरात डबा लावला. पंपवाल्याच्या बायकोने रिसीव्हर कानाला लावून बघितला. "आवाज वेगळाच आहे," ती म्हणाली. "जुना जरा खरखरायचा. बरा वाटायचा." मग बाईंचा हात धरून बराच वेळ सोडला नाही. घर मिळेल की जाईल, ते कुणालाच माहीत नव्हतं.

बुधवारी जुनं एक्स्चेंज बंद केलं. साहेब आले, कुणीतरी फोटो काढला, टक्केवालीने फळ्यावर शंभर लिहिलं आणि लगेच पुसून टाकलं, कारण तिला दुसऱ्या गावी जायची गाडी पकडायची होती. बाईंचं सामान एका खोक्यात मावलं. सेवापुस्तकातली नोंद तांबड्या शाईत होती. उपकेंद्रात त्यांना भांडार विभाग दिला होता.

न्यायला नवरा आला. नऊ वर्षांत तो या तळघरात पहिल्यांदाच उतरला. फ्रेमसमोर उभा राहून चष्मा वर करून तो चिठ्ठ्या वाचू लागला, नकाशे वाचायच्या सवयीने, डावीकडून उजवीकडे, ओळीने.

"हे सगळं तुझं अक्षर?"

"मग कुणाचं?"

तो आणखी दोन ओळी वाचत राहिला. "मी परवा जे विचारलं ना, यायचंय का म्हणून—"

"बरोबरच विचारलंत," बाई म्हणाल्या. "मला नीट सांगता नाही आलं. अजूनही येईल असं नाही. मी येतेय. पण सकाळी साडेपाचला मला कुणी उठवायचं नाही, हे आईंना तुम्ही सांगायचं. मी नाही."

तो खोकं उचलता उचलता थांबला. "मी सांगायचं?"

"तुमच्या आई आहेत."

बाईंनी कुलूप लावलं. किल्ली सामान्य विभागात जमा करून पावती घ्यायची होती, त्याशिवाय कार्यमुक्तीच्या कागदावर शेवटचा शिक्का बसणार नव्हता. दोघं वर आले. सामान्य विभागाची खिडकी बंद होती. पाटी होती: जेवणाची सुट्टी, पाऊण तास.

"म्हणजे अजून तू सुटली नाहीसच," नवरा म्हणाला.

"नाहीच."

समोर एक बाक होतं. त्याने खोकं खाली ठेवलं, रुमालाने बाकावरची धूळ झटकली, आणि दोघं बसले. बाईंनी किल्ली मुठीत धरली होती. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्या शेवटच्या लाइनचं काय अवघड होतं ते सांगशील का आता?"

"मोठं आहे."

"पाऊण तास आहे की," तो म्हणाला, आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली.